मामा मागून माणूस ओळखायचा

तोंड पाहून माणूस कुणीही ओळखेल, त्यात कसलं आलंय कौतुक? मामा माणूस मागून ओळखायचा. टाळूवरचा भोवरा, मानेवरची केसांची रेघ, कानामागचा खड्डा, एवढं दिसलं की पुरे. कात्री न थांबवता तो म्हणायचा, "हा चालला बघा. उजवीकडे दाट, डावीकडे विरळ, आणि भांग नेमका भलतीकडे पाडतो." तोच माणूस समोरून आला आणि "काय मामा, ओळखलं का?" म्हणाला, की मामाची पंचाईत व्हायची. "जरा वळा बघू," म्हणायचा. लोक पोट धरून हसायचे. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

पोलीस ठाण्याच्या दारातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की समोर त्याचं दुकान. बाहेर भलीमोठी पाटी, आत जेमतेम दोन खुर्च्या. त्यातली एक मोडकी, तिच्यावर जुन्या वर्तमानपत्रांचा ढीग. आरशाचा एक कोपरा उडालेला. गिऱ्हाईक बहुतेक समोरचंच. पोलिसांना केस वाढवायची मुभा नाही, म्हणून मामाला गिऱ्हाइकाची ददात नाही. "तुम्ही लोकांची हजामत करता, मी तुमची," असं तो त्यांच्या तोंडावर म्हणायचा आणि तेही खदाखदा हसायचे.

मामा हे नाव भाच्यामुळे पडलं. मेहुणा अकाली गेला, ताई तान्ह्या मुलाला घेऊन भावाकडे आली, आणि भावानं स्वतःचं लग्न जे पुढे ढकललं ते ढकललंच. पोरगं शाळा सुटली की दुकानात. मामा भूक लागली, मामा हे काय, मामा ते काय, दिवसभर तोंडाचा पट्टा. ऐकून ऐकून गिऱ्हाइकंही मामा म्हणायला लागली. आता बघा, सगळं जग पोलिसाला मामा म्हणतं, आणि या रस्त्यावर पोलीस न्हाव्याला मामा म्हणायचे! त्याला त्याची मोठी गंमत वाटायची.

भाचा मोठा झाला, वीजमिस्त्री झाला. एका दुपारी तो काम करत होता तिथं दोघं आले आणि "जरा चौकशी आहे, चल," म्हणून घेऊन गेले. नेमका त्या दिवशी मामाच्या सुट्टीचा वार, दुकान बंद. नाहीतर समोरच्या दारातून आत जाणारं ते डोकं त्याला दिसल्याशिवाय राहिलं नसतं. तिसऱ्या दिवशी पोरगा कालव्याच्या कडेला सापडला. ठाण्यानं सांगून टाकलं, "आमच्याकडे आलाच नव्हता." झालं. हाताशी आलेलं पोर, आणि एका वाक्यात निकाल.

ताई रडली नाही. ती ठाण्यासमोरच्या फुटपाथवर, मामाच्या दुकानाला पाठ करून, मुलाचा फोटो मांडीवर घेऊन बसली. पहिल्यांदा एकटीच. मग शाळेतून निवृत्त झालेल्या बाई येऊन शेजारी बसल्या. पोराला त्यांनीच अक्षर ओळखायला शिकवलं होतं. मग कोपऱ्यावरचा पंक्चरवाला आला, मग हळूहळू गल्लीच आली. दर आठवड्याला एक संध्याकाळ ठरली. बाईंनी नियम घालून दिला: घोषणा नाही, भाषण नाही, कुणी बोलायचंच नाही. हातात मेणबत्ती घ्यायची आणि त्या दाराकडे बघत बसायचं. "ओरडलात की त्यांना बरंच वाटेल," बाई म्हणाल्या. "ओरडणाऱ्याला कसं गप्प करायचं ते त्यांना शिकवलेलं असतं. गप्प बसणाऱ्याचं काय करायचं ते शिकवलेलं नसतं."

आणि मामा? मामा दुकान उघडायचा. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असं शेजाऱ्यांनी त्याला सांगितलं आणि त्याला ते पटलं. ताईनं एकदाच विचारलं, "त्यांच्या मानेवर वस्तरा धरतोस, आणि नुसता साबण पुसून घेतोस?"  खरं सांगायचं तर मामा भित्रा होता. आपल्या माणसाबद्दल असं बोलू नये, पण होता. आणि त्याला एक आशाही होती, की खुर्चीत मान टाकून बसलेला माणूस कधीतरी सैल सुटेल, काहीतरी बोलून जाईल. कुणी बोललं नाही. उलट समोरचा एक तरुण शिपाई, टाळूवर दोन भोवरेवाला, त्या दिवसापासून दुकानाची पायरीच चढेना. "दोन भोवरे म्हणजे दोन बायका! तुझं तर अजून एकीचं जमेना," अशी मामा त्याची दर खेपेला थट्टा करायचा आणि तो लाजून हसायचा. तो आता रस्ता ओलांडतानासुद्धा दुकानाकडे बघत नसे. चोराच्या मनात चांदणं, मामा मनाशी म्हणाला, आणि त्याच्या नावाची गाठ मारून ठेवली.

मग ताईला फोन आला. अनोळखी आवाज, दबलेला. "काकू, तो आत आला होता. मी होतो तिथं. मी तुमच्यासमोर येईन, सगळ्यांदेखत सांगेन. थोडा धीर धरा." आणि फोन बंद. ताईनं हे फक्त बाईंना आणि भावाला सांगितलं. त्या दिवसापासून ती जगत होती ती त्या एका आवाजावर. असा माणूस उभा राहिला तर "आलाच नव्हता" हे वाक्य मोडणार होतं. नाही राहिला तर पोरगा कायमचा कालव्यात आपोआप पडलेला ठरणार होता. रोज ती विचारायची, "येईल ना रे तो?" मामा म्हणायचा, "येईल गं."

मागच्या खेपेला मात्र भलतंच घडलं. सगळे गप्प बसलेले असताना गर्दीच्या मागून एक दगड सणसणत गेला आणि ढालीवर आपटला. कुणी मारला? देव जाणे. खिशात हात घालून उभा असलेला एक परका माणूस काही जणांनी पाहिला होता, तो नंतर दिसलाच नाही. पण पोलिसांना तेवढं निमित्त पुरलं. मेणबत्त्या तुडवत ते आत घुसले. पंक्चरवाल्याचं डोकं फुटलं, ताईचं मनगट सुजलं. तेव्हा बाई मामाच्या दुकानात आल्या, मोडक्या खुर्चीच्या हातावर टेकल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही आमच्यात बसत नाही, ठीक आहे. निदान एवढं करा. आमच्या सगळ्यांच्या पाठी तुमच्याकडे असतात. त्यांचा कुणी साध्या कपड्यात घुसला तर तुम्हाला मागूनही कळेल. ओरडायचं नाही. येऊन माझ्या कानात सांगायचं, बस."

मामानं मान डोलावली. त्याला बरं वाटलं, अगदी खरंच बरं वाटलं. पुढे बसायचं धैर्य नव्हतं, पण हे जमण्यासारखं होतं. डोळ्यांत तेल घालून बघेन, म्हणाला.

पुढच्या खेपेच्या दिवशी सकाळी ठाण्याचे साहेब दाढीला आले. साहेब म्हणजे भला गोड माणूस, आवाज कधी चढायचा नाही. मामानं गालाला फेस लावला, वस्तरा घेतला. साहेब डोळे मिटूनच म्हणाले, "मामा, आज संध्याकाळी जरा लक्ष ठेव हं."

"कशावर, साहेब?"

"तुमच्यात कुणीतरी घुसणार आहे असं कानावर आलंय. साध्या कपड्यात. मागच्यासारखं व्हायला नको, रे. तुझी बहीण सगळ्यात पुढे बसते." एवढं बोलून साहेबांनी हनुवटी वर केली, गळा पुढे केला. मामानं गळ्यावरून वस्तरा फिरवला, कुठे लागलं नाही. साहेबांनी आरशात बघून गालावरून हात फिरवला, छान झालीय म्हणाले आणि गेले.

दिवसभर मामाचं कामात चित्त नव्हतं. एकाचे कल्ले वरखाली झाले. हे त्यानं बाईंना सांगायला हवं होतं की नको? साहेब आपल्याला बजावतायत की धमकावतायत? विचार करून करून डोकं भणभणलं आणि शेवटी तो गप्प राहिला.

संध्याकाळ झाली. लोक आले, बसले, मेणबत्त्या लागल्या. मामा दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. समोर ओळीनं डोकी: बाईंचा पांढरा अंबाडा, पंक्चरवाल्याच्या डोक्याची पट्टी, सगळ्यात पुढे ताईचं विरळ झालेलं, पिकलेलं डोकं. त्याला ते मागून बघवेना. केव्हा पिकली ही इतकी? आणि त्या सगळ्यांच्या पलीकडे ठाण्याच्या पायऱ्यांवर पोलीस, ढाली घेऊन, खांद्याला खांदा लावून. एरवी त्यातले दोघं-तिघं मामाकडे बघून ओशाळं हसायचे. शेवटी महिन्यातून दोनदा मान त्याच्याच हातात द्यायची होती. आज सगळ्यांच्या डोक्यावर शिरस्त्राणं, तोंडावर काचा उतरवलेल्या. तो त्यांना ओळखूच शकत नव्हता. रोज हाताखालून जाणारी माणसं, आणि एकही ओळखू येईना. 

साहेब सगळ्यात वरच्या पायरीवर उभे होते. हातात काठी नाही, काही नाही. ते गर्दीकडे बघत नव्हते. ते मामाकडे बघत होते.

कुणी बोलत नव्हतं. अशा शांततेत कुणी खोकलं तरी सगळी डोकी वळतात. मामा एकेक डोकं तपासत होता. हा पेपरवाला, ही शिंपीण, हा तिचा दीर, हा कोण, हा बेकरीतला. आणि मग चौथ्या-पाचव्या रांगेत त्याला ते दिसले. दोन भोवरे, शेजारी शेजारी. केस मानेवर आलेले, पोलिसाला न शोभतील इतके वाढलेले, गबाळे. पण भोवरे काय केसांनी झाकले जातात? अंगात साधा चौकड्यांचा शर्ट. उजवा हात पँटच्या खिशात.

मामाची पाचावर धारण बसली. त्यानं बाईंकडे पाहिलं; बाई पार दुसऱ्या टोकाला. तेवढ्यात तो शिपाई हलला. बसलेल्या माणसांतून वाट काढत, वाकून, माफी मागितल्यासारखा हात करत तो पुढे निघाला. पुढे म्हणजे कुठे? ताईच्या रोखानं. खिशातला हात खिशातच.

मामा पायरीवरून उतरला. कुणाच्या पायावर पाय पडला, कुणाची मेणबत्ती लवंडली. तो त्याच्या मागे पोचला, खांद्यावर हात ठेवायला हात पुढे केला. आता ऐका. तीस वर्षांची सवय. तो हात खांद्यावर गेलाच नाही. तो गेला कॉलरवर. बोटांनी आपोआप कॉलर आत दुमडली, कापड बांधायच्या आधी दुमडतात तशी. आणि त्या पोरानं, मागे वळून न बघता, हनुवटी छातीला लावली. खुर्चीत बसल्यावर लावतात तशी. क्षणभर दोघंही तसेच राहिले, न्हावी आणि गिऱ्हाईक, भर गर्दीत.

मग पोरगा दचकला. खिशातला हात अर्धा बाहेर आला. पुढे हाताच्या अंतरावर ताईचं डोकं होतं.

"धरा त्याला!" मामा ओरडला. "पोलीस आहे हा! खिशात बघा, खिशात!"

उभ्या आयुष्यात तो इतक्या मोठ्यानं बोलला नव्हता. कानात सांगायचं ठरलं होतं, ते कुठल्या कुठे गेलं. पंक्चरवाल्यानं झडपच घातली. मागच्या दगडाचा राग होताच, डोक्याची पट्टी अजून ओली होती. चार जण आणखी धावले. पोरगा खाली पडला, हातातली वस्तू उडून मेणबत्त्यांत पडली. कुणीतरी ती उचलून वर धरली आणि ओरडलं, "ओळखपत्र! खरंच पोलीस आहे, मारा साल्याला!" मग काय विचारता. गप्प बसायचा नियम घातलेली माणसं ती, त्यांचं साठलेलं सगळं त्या एका चौकड्यांच्या शर्टावर निघालं. मामासुद्धा एक लाथ मारून मोकळा झाला.

पलीकडचे पोलीस? ते जागचे हलले नाहीत. एकही ढाल हलली नाही. हे लक्षात आलं ते फक्त बाईंच्या. त्या माणसं बाजूला सारत आल्या, ज्यानं ते उचललं होतं त्याच्या हातातलं ओळखपत्र हिसकावून घेतलं, उलटसुलट केलं आणि वर्गात ओरडाव्यात तशा ओरडल्या, "थांबा! मूर्खांनो, थांबा! चोरून दगड मारायला आलेला माणूस स्वतःचं ओळखपत्र कशाला आणेल?"

सगळे थबकले. मामाला ते वाक्य ऐकू आलं, पण कळायला वेळ लागला. पोरगा कोपरावर उठला. ओठ फाटला होता. त्यानं मामाकडे पाहिलंही नाही, त्यानं ताईला शोधलं. "काकू," तो म्हणाला, "तो आत आला होता. मी होतो तिथं. मी..."

ताईच्या हातातला फोटो खाली पडला. आवाज तोच होता. "हाच तो!" ती म्हणाली. "सोडा त्याला! अरे, हाच तो, माझा फोनवाला!"

तेव्हा कुठे ढाली हलल्या. धावाधाव नाही, काठ्या नाहीत. मधून वाट झाली आणि साहेब हात पाठीमागे बांधून सावकाश पायऱ्या उतरून आले. "सोडा, सोडा," ते मवाळपणे म्हणाले. "आमचा माणूस आहे. मार लागलाय त्याला. आम्ही नेतो." आणि लोकांनी वाट दिली हो! आता आपल्याला झोडपणार म्हणून ज्यांचं धाबं दणाणलं होतं, त्यांना हायसं वाटलं आणि ते बाजूला झाले. दोघांनी पोराला दंडाला धरून उचललं. ताई मध्ये आडवी पडायला धावली, तिला एका ढालीनं अलगद बाजूला सारलं.

साहेब मामाजवळ थांबले. त्याच्या खांद्यावर थोपटलं. "शाब्बास, मामा. आमच्यातलंच कुणीतरी फोन करतंय एवढं कळलं होतं. कोण, ते काही सापडत नव्हतं. मी सकाळीच म्हटलं, हे काम तुझंच." मग सगळ्यांना ऐकू जाईल इतपत आवाजात, "लोकांनीच मारलंय त्याला, आम्ही सगळ्यांनी पाहिलंय." पाठोपाठ ते आत गेले. दार लागलं. आतून कडी सरकवल्याचा आवाज रस्त्यापर्यंत आला.

पंक्चरवाला मटकन खाली बसला. मामाला बसताही येईना. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते त्याला त्या क्षणी शब्दशः वाटलं. आपण त्याची कॉलर दुमडली आणि त्यानं विश्वासानं मान खाली घातली, हेच त्याच्या डोक्यात फिरत होतं. तो ताईसमोर गेला. ताईनं त्याला मारलं असतं, थुंकली असती, तर त्याला बरं वाटलं असतं.

ताई उठली. पदरानं तोंड पुसलं. "त्याचं घर ठाऊक आहे तुला?"

ठाऊक होतं. त्या पोराचे वडील अंथरुणाला खिळलेले असताना मामाच त्यांची दाढी करायला जायचा, शेवटपर्यंत. आता घरी आई आणि तो, दोघंच.

"मग चल," ताई म्हणाली. "मला तिसऱ्या दिवशी कळलं. तिला आजच कळायला हवं. आजच कळलं तर काहीतरी करता येईल."

"ताई, मी नाही तिच्यासमोर..."

"तूच. तूच सांगायचंस."

बाई मागून म्हणाल्या, "जा तुम्ही. आम्ही इथून हलत नाही. तो आत गेलेला आज सगळ्यांनी पाहिलाय." आणि त्या जमिनीवर बसल्या, एकेक करून बाकीचेही बसले. तुडवलेल्या मेणबत्त्या कुणी पुन्हा लावल्या नाहीत.

गल्ली लांब नव्हती, पण मामाला ती संपू नये असं वाटत होतं. ताई पुढे चालत होती, एकदाही मागे न बघता. जिना चढून तिनं दार वाजवलं आणि स्वतः बाजूला झाली, मामाला दाराच्या अगदी समोर उभं केलं. आतून "आले, आले" असा आवाज आला. दार उघडलं. हात पिठानं माखलेले, तोंडभर हसू.

"अगबाई, मामा! किती दिवसांनी! या ना. तो नाही हो घरी, येईलच इतक्यात. केस बघा त्याचे किती वाढलेत, मी सारखी सांगते मामांकडे जा, मामांकडे जा, ऐकेल तर शपथ. आणि या कोण?"

मामाला वाटलं, हिनं पाठ फिरवावी. समोरून बघणं त्याला कधी जमलंच नव्हतं. ताई शेजारीच उभी होती.

"वहिनी," तो म्हणाला, "तो ठाण्यात आहे. त्याला आत कोंडलंय. मी पकडून दिला."

मामाच्या थट्टा तिला ठाऊक होत्या. ती हसली. "काहीतरीच काय बोलता," म्हणाली, आणि पिठाच्या हातानं दार आणखी उघडलं. "आत तर या आधी."